'द लेटर्स' बघितला, पण मदर तेरेसांची शंका सिनेमात आहे कुठं?

टिळकवाडीकर:
काल आईसोबत 'द लेटर्स' बघितला, २०१४ चा, ज्युलिएट स्टीव्हन्सन मदर झालीय. आई आमची माळकरी, संपल्यावर म्हणते, "देव जाणवतच नव्हता तर रोज पहाटे उठून प्रार्थना कुणाची करत होती ती बाई?" मला काय सांगता येईना. देव जाणवत नाही असं मदर तेरेसांनी लिहिलेली ती पत्रं खरी आहेत काय ओ, की सिनेमावाल्यांनी तिखटमीठ लावलंय?

कॅम्पवाला:
खरी आहेत की. १९४६ ला दार्जिलिंगच्या ट्रेनमध्ये देवाची हाक आली, ४८ ला कॉन्व्हेंट सोडलं, ५० ला मिशनरीज ऑफ चॅरिटी ही त्यांची संस्था, आणि बघा, काम सुरू झालं तशी आतली हाकच बंद. मध्ये ५८ साली थोडे दिवस बरं वाटलं म्हणे, बाकी मरेपर्यंत म्हणजे ९७ पर्यंत अंधारच. पत्रं नष्ट करा म्हणून त्यांनीच सांगितलेलं, कुणी ऐकलं नाही, २००७ ला पुस्तक आलं. देव नाही असं ठरवून त्या बसल्या नव्हत्या ताई, तो बोलेना झाला हे दुखणं होतं. तुमच्या आईला तुकोबांचं विठ्ठलाशी भांडण माहीत असेल, त्याच्याजवळचंच आहे हे.

खानापूरचा_पोरगा:
माहिती बरोबर पण सिनेमा म्हणून लई मिळमिळीत वाटला मला. शंका सगळी त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर व्हॅन एक्झेम यांच्या तोंडून, माक्स फॉन सिडो म्हातारपणी बसून सांगतोय आणि आपण ऐकायचं. ज्युलिएट बाईंनी वाकून चालणं, हात जोडणं मस्त पकडलंय, पण तिला एकटीला खोलीत, समोर कागद, पेन उचलतेय आणि परत ठेवतेय असा एक तरी सीन द्यायचा होता की राव. बाईंनी आयुष्यभर लपवलं तेच जर आपल्याला दिसत नसेल तर पत्रांचं नाव देऊन काय उपयोग?

निपाणीची_सिस्टर:
मी नर्स आहे, ख्रिश्चन नाही. तुमच्या आईंना सांगा, बेडसोरचं ड्रेसिंग करताना मनात देवबिव काही नसतंय, जखमेला चिकटलेलं गॉज सलाइननं भिजवून हळूच सोडवायचं एवढंच डोक्यात असतंय. तसं त्यांचं असेल म्हणून मला ते पटतं. पण एक गोष्ट सिनेमा टाळतो. १९९४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात रॉबिन फॉक्स या डॉक्टरांनी लिहिलेलं, कालीघाटच्या निर्मल हृदयमध्ये, म्हणजे मरणाऱ्यांसाठी मदरनी काढलेल्या घरात, सेवा मायेनं होते पण मरणाऱ्या माणसाला जोरकस पेनकिलर मिळत नाही. श्रद्धेवर सिनेमा काढताय ना, मग दुखणं देवाची देणगी मानणारी श्रद्धा आणि समोर कण्हणारा पेशंट, हा खरा सीन होता.

खानापूरचा_पोरगा:
हे मात्र मला माहीतच नव्हतं सिस्टर. असा सीन टाकला असता तर पोस्टरवर संत म्हणून विकता आलं नसतं बहुतेक 😅

टिळकवाडीकर:
सगळे रिप्लाय आईला वाचून दाखवले. तुकोबांचं ऐकून मान डोलावली, पण पेनकिलरचं ऐकल्यापासून बाईंवर जाम चिडलीय, देवाचं राहिलं बाजूला. "तिला विचारायला पाहिजे होतं कुणीतरी" म्हणत भाजी निवडत बसलीय.