दीक्षाभूमी आणि सांबारवडी राहिलीच की!
एका दिवसात नागपूर कसं बघावं, या प्रश्नावर सगळ्यांनी फुटाळा तलाव नि संत्रा बर्फीच सुचवली. दीक्षाभूमी चुकवू नका हो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथल्या स्तूपात थोडा वेळ शांत बसा. मग महाल, इतवारी हे जुने भाग पायीच फिरा. गोंड राजा बख्त बुलंद शहाने वसवलेलं, पुढे भोसल्यांचं झालेलं शहर त्या गल्ल्यांतच भेटतं. कापडासाठी गांधीबाग. सावजीला नुसतं तिखट म्हणू नका, कोष्टी विणकरांच्या घरचा रस्सा आहे तो; भाजलेल्या खोबऱ्या-खसखशीची चव जिभेवर येऊ द्या. हिवाळ्यात आलात तर सांबारवडी खाच. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, आणि ती तेव्हाच कोवळी मिळते.