वेगवान पिकिंगसाठी कोणते व्हिडिओ बघू? मदत हवी आहे

मंडळी, इलेक्ट्रिक गिटारवर वेगाने पिकिंग, म्हणजे पिकने (छोट्या चपट्या पट्टीने) तारा छेडणं, शिकतोय. मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र) मिनिटाला 120 ठोक्यांवर लावून एकाच तारेवर ठोक्याला 4 स्वर, म्हणजे सेकंदाला 8, स्वच्छ वाजतात. तार बदलली की गाडी अडते. खाली मारलेलं पिक दोन तारांच्या मध्ये अडकतं आणि पुढचा स्वर उशिरा येतो. मनगट आखडतं ते वेगळंच.

गिटारवादक पॉल गिल्बर्टसारखं वर-खाली आलटूनपालटून पिकिंग आधी पक्कं करू, की गिटारवादक फ्रँक गॅम्बालेसारखं स्वीप, म्हणजे एकाच दिशेने पिक सरकवत लागोपाठच्या तारा छेडणं? दोन्ही एकदम केलं तर हात गोंधळेल, असं मला वाटतं.

नुसते लिक्स (छोटे सुरांचे तुकडे) वाजवून दाखवणारे व्हिडिओ नकोत, ते पुष्कळ पाहिले. पिकचा कोन आणि मनगट जवळून, संथ गतीत दाखवणारे, सोबत टॅब (कोणती तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) देणारे हवेत. तुमचा हात कोणत्या व्हिडिओंनी मोकळा झाला, ते प्लीज सांगा.