अनुभव धागा: कॅथलिक प्राथमिक शाळेतली मिस्सा, सण आणि पंगत

वसई पट्ट्यात चर्चच्या आवारातच पहिली ते चौथीची मराठी शाळा, हे दृश्य नवं नाही. उपासनाही मराठीत, त्यामुळे शाळेत शिकलेलं गाणं मूल रविवारी चर्चमध्ये म्हणतं. जूनमध्ये वर्षाचं नियोजन करताना नव्या शिक्षकांना मात्र बारीकसारीक गोष्टी सांगायला कुणी नसतं. म्हणून हा धागा. आठवणी दुसरीकडे लिहू. इथे माणसं किती लागतात, वेळ किती, काय बिघडतं आणि का, एवढं लिहा.

धर्मशिक्षण शिकवणाऱ्या बाई

सुरुवात मिस्सापासून, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेपासून करते. लहान मुलांच्या मिस्सासाठी रोमहून 1973 साली एक मार्गदर्शिका आली. तिच्यात बऱ्याच सवलती आहेत, पण शाळांमध्ये त्या क्वचितच वापरल्या जातात. मुलांना जड जात असतील तर बायबलमधली वाचनं दोनच किंवा एकच ठेवता येतात. शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातलं वाचन, मात्र कधीही गाळायचं नाही. प्रवचन संवादासारखं करता येतं, फादरांनी प्रश्न विचारावेत, मुलांनी उत्तरं द्यावीत. मोठ्या विश्वासांगीकाराऐवजी (सगळ्यांनी मिळून म्हणायचा श्रद्धेचा मजकूर) प्रेषितांचा विश्वासांगीकार चालतो. लहानांशी बोलणं फादरांना अवघड जात असेल, तर त्यांच्या संमतीने शुभवर्तमानानंतर एखादी शिक्षिकाही बोलू शकते.

एवढं केलं की मिस्सा 35 ते 40 मिनिटांत होते. पहिली-दुसरीची मुलं त्यापुढे बसत नाहीत, आणि तो त्यांचा दोष नाही. त्यांना पुढे चटईवर बसवा. मागच्या बाकांवरून त्यांना फक्त चौथीच्या मुलांच्या पाठी दिसतात, मग चुळबुळ होणारच.

श्रद्धावंतांच्या प्रार्थना मुलांकडूनच लिहून घ्या. एक मूल, एक वाक्य, एक मागणं. बाईंनी लिहून दिलेलं ‘समस्त मानवजातीच्या कल्याणार्थ’ मूल वाचतं खरं, पण ते मागत नसतं. ‘आमच्या वर्गातल्या आजारी मुलाला बरं वाटू दे’ हे ते मनापासून मागतं.

वाचन करणाऱ्या मुलाला आदल्या दिवशी खऱ्या माइकसमोर उभं करा. माइकची उंची आधीच कमी करून ठेवा आणि पायाखाली पाट द्या. चवड्यांवर उभं राहिलेल्या मुलाचा श्वास वाक्याच्या मध्येच संपतो.

पहिल्या कम्युनियनची तयारी करून घेणाऱ्या सिस्टर

बाईंच्या मुद्द्याला जोडून वेळेचं सांगते. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात मिळणारी गव्हाची पातळ चकती (ओस्ती), स्वीकारण्याआधी एक तास काही खायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. साडेआठची मिस्सा असेल तर ओस्ती साधारण नऊला मिळते, म्हणजे आठच्या आत दूध-बिस्किट झालेलं हवं. हे पालकांना चिठ्ठीत वेळ घालून कळवा. ‘उपाशी पाठवा’ असं मोघम लिहिलं की मूल रात्रीच्या जेवणावर येतं आणि गर्दीत चक्कर येऊन बसतं.

पोप दहावे पायस यांनी 1910 साली समज येण्याचं वय साधारण सातवं ठरवलं. आपल्याकडे तिसरी-चौथीत तयारी होते, ते वय बरोबर वाटतं. आशीर्वादित न केलेल्या ओस्तीवर सराव घ्याच. पहिल्यांदा ती टाळ्याला चिकटते आणि मूल बोटाने काढायला जातं. हातावर घ्यायची असेल तर डावा तळवा वर, उजवा खाली, आधी स्पष्ट ‘आमेन’, आणि तिथेच बाजूला होऊन तोंडात घालायची. मुठीत धरून जागेवर न्यायची नाही.

नावनोंदणीच्या अर्जावर गव्हाच्या त्रासाबद्दल एक ओळ घाला. ओस्ती गव्हाचीच लागते, गव्हाचा अंश पूर्ण काढलेली चालत नाही. पण ग्लूटेन अगदी कमी असलेली चालते. तीही सोसत नसेल तर मूल नुसता प्याल्यातला द्राक्षारस घेऊ शकतं. फादरांना महिनाभर आधी सांगा, अशी ओस्ती आदल्या दिवशी मिळत नाही.

पापनिवेदनाचं गणित: 80 मुलं, प्रत्येकी 3 मिनिटं, म्हणजे एका फादरांचे चार तास. शेजारच्या धर्मग्रामांतून (दुसऱ्या चर्चच्या हद्दींतून) तीन फादर बोलावले तर तासात होतं. खुर्च्या चर्चमध्येच उघड्यावर, चारी कोपऱ्यांत ठेवा. मूल सगळ्यांना दिसलं पाहिजे, ऐकू कुणालाच जाता कामा नये. बंद खोली नको.

मुख्याध्यापिका, निवृत्त

वरचं सगळं वाचताना एक कागद विसरू नका. राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मूल अज्ञान (अठरा वर्षांखालचं) असेल तर पालकांची संमती लागते. प्रवेशाच्या वेळी लेखी घ्या, आणि धर्मशिक्षण व मिस्सा यांसाठी वेगळे रकाने ठेवा. कार्यक्रमाला हो आणि धर्मशिक्षणाला नको म्हणणारे पालक पुष्कळ असतात.

त्याच तासाला इतर मुलांसाठी मूल्यशिक्षणाचा खराखुरा तास हवा, शिक्षक नेमलेला, पुस्तक ठरलेलं. ‘बाकीची मुलं मैदानावर’ ही व्यवस्था नव्हे. मैदानावरच्या मुलाला आपण बाहेरचे आहोत हे पहिल्याच आठवड्यात कळतं, आणि मग स्नेहसंमेलनात कितीही प्रेमाने बोलावलं तरी ते कडेलाच उभं राहतं.

ऑक्टोबरची जपमाळ बसवणारे सर

जिवंत जपमाळ, म्हणजे मुलंच मणी. देखणा प्रकार आहे आणि शंभरातल्या नव्वद वेळा आखणीत फसतो, म्हणून आकड्यांत लिहितो.

मणी 59. त्यांतले 53 ‘नमो मरिये’ या प्रार्थनेचे, 6 ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेचे. गोल भागात 54 मुलं आणि क्रुसाकडच्या शेपटीत 5. एका मुलाला पाऊण मीटर जागा धरली तर गोलाचा घेर 40 मीटर, व्यास 13. मधोमध खुंटी ठोका, साडेसहा मीटर सुतळी बांधा, फक्कीने गोल काढा. शेपटीला आणखी चार-पाच मीटर. म्हणजे 13 बाय 18 मीटर मोकळी जागा हवी. त्याहून लहान अंगणात मुलं खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि माळ दिसतच नाही, घोळका दिसतो. गोल जिथे शेपटीला मिळतो तिथे मरियामातेची मूर्ती. शेपटीच्या टोकाला चौथीची दोन मुलं क्रूस धरून.

‘आमच्या बापा’च्या मुलाच्या दोन्ही बाजूंना एक पाऊल जास्त अंतर सोडा, नाहीतर दशक (दहा ‘नमो मरिये’चा गट) कुठे संपलं ते प्रार्थना सांगणाऱ्यालाही कळत नाही. छातीवर क्रमांकाची चिठ्ठी लावा आणि जमिनीवर बाणाने दिशा दाखवा. आकडे गेटवर नव्हे, वर्गात वाटा. सहा मुलं राखीव ठेवा; ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि सर्दी-तापात 59 पैकी 59 कधीच येत नाहीत.

प्रत्येक मूल ‘नमो मरिये’चा पहिला अर्धा भाग एकटं म्हणतं, उरलेला सगळे मिळून. वायरचा माइक गोलात फिरवला की पायांत गुंततो, म्हणून बिनवायरचा घ्या आणि एका शिक्षिकेने आतल्या बाजूने चालत तो मुलापुढे धरावा. मुलाच्या हातात देऊ नका: देवाणघेवाणीत प्रत्येकी तीन सेकंद गेले तरी 59 मुलांची तीन मिनिटं होतात, शिवाय तो खाली पडतो. सगळं मिळून 25 मिनिटं लागतात.

उन्हं उतरल्यावर, साडेसहाच्या सुमारास लावा. हातात मेणबत्ती देऊ नका. वारा आला की मेण बोटांवर येतं आणि शेजारच्या मुलीच्या वेणीची भीती वेगळीच. बॅटरीचे दिवे पुरतात. आपली पाळी आली की दिवा लावायचा आणि तो तसाच ठेवायचा. शेवटच्या दशकापर्यंत अंधारात गोल पुरा होत जातो, तेव्हा मागे उभे असलेले आजी-आजोबा आपोआप गुडघे टेकतात.

जपताना मनन करायचे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग म्हणजे रहस्यं: सोमवारी-शनिवारी आनंदाची, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही प्रकाशाची रहस्यं 2002 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जोडली, त्यामुळे आजीच्या जुन्या पुस्तकात ती नसतात. मुलं ते पुस्तक घेऊन येतात आणि गोंधळतात.

शाळेत 40च मुलं असतील तर माळ ताणू नका. अकरा मुलांचं एक दशक उभं करा, बाकीची बसून उत्तर देतील, पुढच्या दशकाला दुसरी अकरा.

गायनवृंदाची पेटी वाजवणारी

मुलांचा आवाज खोल जातो, गाणं उठत नाही, ही तक्रार दर सणाला येते. कारण बहुतेकदा पेटीवर असतं. चर्चमध्ये पुरुषांच्या सोयीने पट्टी काळी एकला धरलेली असते. मुलांसाठी काळी चार किंवा पाच धरा, तीच मुलं मोकळी गातात. एका मिस्साला नवं गाणं एकच. आणि ढोलक भिंतीपासून दूर ठेवा, नाहीतर शब्द बुडतात.

नाताळचा गोठा उभारणारे पालक

गोठ्याची उंची आधी ठरवा. दोन बाकडी जोडून साधारण 60 ते 70 सेंटिमीटर. पहिलीच्या मुलाला बाळ येशू वरून दिसला पाहिजे, टाचा वर करून नव्हे.

हिरवळीसाठी नाचणी किंवा गहू. 20 डिसेंबरला हवी असेल तर 10 तारखेला पेरा. दाणे रात्रभर भिजवा, ताटात दोन बोटं माती पसरा, दाणे एकमेकांना टेकतील पण एकावर एक चढणार नाहीत असे पेरा. पहिले दोन दिवस ओलं गोणपाट वर, मग उजेडात. दाट पेरलं की चौथ्या दिवशी पांढरी बुरशी येते आणि वर्गात कुबट वास सुटतो. अंधारात राहिलं तर पिवळं पडून लोळतं. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. हे काम दुसरीच्या मुलांना द्या. सकाळी आल्याआल्या ती आधी ताटाकडे धावतात.

पेंढा नव्या भाताचा, दोन दिवस कडक उन्हात वाळवलेला, नाहीतर किडे अंगावर येतात. दिवे फक्त एलईडीचे. वायरचा जोड पेंढ्यात नको, गोठ्याबाहेर. शाळा सुटताना बटण बंद करायची जबाबदारी एकाच माणसाकडे ठेवा. आगमनकाळाच्या चक्राला (नाताळाआधीच्या चार आठवड्यांसाठीचं चार मेणबत्त्यांचं कडं) आमच्याकडे सुरूच्या फांद्या सहज मिळतात, पण पाच-सहा दिवसांत त्या वाळतात आणि मेणबत्तीखाली भडकतात. दर सोमवारी नवी मेणबत्ती लावाल तेव्हा फांद्याही बदला. तीन मेणबत्त्या जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या आठवड्याची.

शाळेला सुट्टी लागते तेव्हा आगमनकाळ संपलेला नसतो, म्हणून शाळेच्या गोठ्यात बाळाला आधीच ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. गव्हाणी रिकामीच राहू दे. आगमनकाळात रोज प्रत्येक मुलाने एकच काडी, वीतभर कापलेली, गव्हाणीत ठेवायची, दिवसभरातल्या एखाद्या चांगल्या कृत्याची. कृत्य कोणतं ते विचारायचं नाही. वर्गवार मोजणीही नको, मोजणी सुरू झाली की तिसऱ्या दिवशी मुलं घरून मूठभर काड्या आणतात. शेवटच्या दिवशी भरलेली गव्हाणी मिरवत चर्चमध्ये न्या. नाताळच्या रात्री बाळ त्याच काड्यांवर ठेवलं जातं, आणि आपली काडी खाली आहे हे मुलाला ठाऊक असतं.

तीन राजे मात्र दूरच्या खिडकीत ठेवा, ते बाळापर्यंत नंतर पोचतात.

पुन्हा धर्मशिक्षणाच्या बाई

राखेचा बुधवार राहिला, म्हणजे प्रायश्चित्तकाळाचा (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा) पहिला दिवस; त्या दिवशी कपाळाला राख लावतात. राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्यांची. घरोघरी त्या क्रुसामागे खोचलेल्या असतात. आठवडाभर आधी मुलांकडून मागवा. हीर काढून टाका, ते कोळसा होतात. पाती लोखंडी घमेल्यात, शाळा भरायच्या आत, वर्गांपासून दूर जाळा. मलमलमधून दोनदा गाळा. तीनशे मुलांना दोन मुठी राख पुरते. पाणी घालून लेप करू नका: झाडाच्या राखेत पाणी पडलं की क्षार उतरतो आणि कोवळ्या कातडीची आग होते. कोरडीच लावा.

उपवासाचा नियम 18 वर्षांपासून, मांस वर्ज्य करण्याचा 14 पासून. प्राथमिकच्या मुलाला दोन्ही लागू नाहीत. डबा परत नेणारं मूल दिसलं तर त्याला बसवून खायला लावा.

पंगत आणि तांदूळ सांभाळणाऱ्या काकू

मुलांना उपवास नाही, पण देणं आहे. प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी मूठभर तांदूळ. मूल स्वतःच्या मुठीने आणतं. ती मूठ 30 ते 40 ग्रॅमची, दोनशे मुलांचे सात किलो होतात. पिंपं दोन ठेवा, एक उकड्याचं, एक सुरय (न उकडलेल्या) तांदळाचं. एकत्र झाले की एक शिजतो तोवर दुसऱ्याचा गिचका होतो, आणि ज्यांना द्यायचा त्यांच्या पदरात असं धान्य टाकणं बरं नव्हे. त्याच आठवड्यात पोचवा. साठवलात तर सोंडे पडतात.

शाळेच्या सणाची पंगत शाकाहारीच करा. नाताळात घरी इंद्याल-फुगे (मांसाचं कालवण आणि तळलेले गोळे) होतातच. शाळेत सगळी मुलं एका ओळीत बसली पाहिजेत. तारीख ठरवताना कालनिर्णय बघा, एकादशी-चतुर्थी टाळा. 150 मुलांच्या पुलावाला 10 किलो तांदूळ, 4 किलो बटाटे, 2 किलो मटार, 2 किलो गाजर. कांदा-लसूण न घातलेला टोप वेगळा, त्याचा डावही वेगळा. वाढायला चौथीची मुलं, पण गरम टोप मोठ्यांच्याच हातात. मुलांनी लिंबू, मीठ, पाणी आणि करंजी वाढायची. जेवणाआधीची प्रार्थना सगळ्यांना म्हणता येईल अशी दोन ओळींची ठेवा, आणि ती संपल्यावरच पहिला घास. पहिलीची मुलं शेवटी उठतात, त्यांच्यासाठी पाणी राखून ठेवा.