शब्दचर्चा: 'कॅन्सल'ला दर वेळी 'रद्द करा'च का?

संक्रांतीला आईने महिला मंडळाच्या हळदीकुंकवाची सूचना प्रिंट करायला घेतली, ४ प्रती हव्या होत्या आणि चुकून ४० टाकल्या गेल्या. तिचा कॉम्प्युटर मी सगळा मराठीत करून दिलाय. कागदामागून कागद सुटायला लागल्यावर तिने नीट शोधून, थांबवायचं जिथे असतं तिथे जाऊन क्लिक केलं, तर समोर चौकट आली 'छपाई रद्द करायची?' आणि खाली दोन बटणं, 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. तिने 'रद्द करा' दाबलं. चौकट गेली आणि कागद येतच राहिले. परत तेच केलं, परत तेच झालं, शेवटी प्रिंटरचा प्लग काढला. मला फोनवर म्हणाली, "अरे मी रद्दच केलं होतं, मराठी वाचता येतं मला." तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय म्हणून इथे विचारतो.

छपाई थांबवायला तिथे 'ठीक आहे' दाबायचं होतं, 'रद्द करा' म्हणजे थांबवणंच रद्द. गोंधळ मूळ इंग्रजीतलाच आहे हे मान्य, 'कॅन्सल करायचं का' असं विचारून खाली ओके आणि कॅन्सल ठेवायचं हा दोष डेस्कटॉपवर फार जुना आहे. पण मराठीत तो जास्त लागतो असं मला वाटतं. 'रद्द' मूळचा अरबी, परतवणं, नाकारणं या अर्थाचा, रद्दी त्याच घरातली. आणि आपण रद्द काय करतो तर जे आधी ठरलंय, मंजूर झालंय ते. गाडी रद्द, तिकीट रद्द, परीक्षा रद्द, परवाना रद्द. 'चहा टाकू का?' म्हटल्यावर कुणी चहा रद्द करत नाही, 'नको, राहू दे' म्हणतो.

कॉम्प्युटरवरचं कॅन्सल बहुतेक वेळा हे 'राहू दे'च असतं, म्हणजे मी इथे आलो पण पुढे जायचं नाहीये. कधी ते 'थांबव' असतं, चालू काम मधेच सोडायचं, आणि तेव्हाही झालेलं पुसलं जात नाही, विंडोजमधे शंभर फोटो कॉपी करताना मधेच कॅन्सल केलं तर तोवर गेलेले फोटो तिकडेच राहतात. खरंखुरं रद्द फारच क्वचित. सगळ्यात वाईट म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या जुन्या चौकटी, ओके, कॅन्सल आणि अप्लाय अशी तीन बटणं असलेल्या. तिथे अप्लाय दाबल्यावर मग कॅन्सल दाबलं तरी केलेला बदल मागे जात नाही, म्हणजे मराठीत 'लागू करा' आणि नंतर 'रद्द करा' केलं तरी लागू ते लागूच. मग त्या बटणाला रद्द म्हणणं सरळ सरळ खोटं आहे.

माझी सूचना, 'राहू दे' किंवा आदराने 'राहू द्या'. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद:
'राहू द्या' गोड आहे पण अडतं. फाइल बंद करताना 'बदल जतन करायचे का?' विचारतात तिथे होय, नाही, रद्द करा अशी तीन बटणं असतात. तिथे 'राहू द्या' लिहिलं तर मी ते 'नाही'च समजणार, जतन करायचं राहू दे, आणि दोन तासांचं काम जायचं. तिथल्या कॅन्सलचा अर्थ आहे बंदच करू नको, मला परत लिहायला जाऊ दे.

प्रतिसाद:
मी काही वर्षं मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण केलंय म्हणून आतली गोष्ट सांगते. भाषांतर करणाऱ्याला चौकट दिसतच नाही हो, दिसते ती वाक्यांची फाइल, त्यात एका ओळीत नुसतं 'कॅन्सल'. गेटटेक्स्ट नावाची भाषांतराची जी पद्धत लिनक्सवर (विंडोजसारखीच, पण मुक्त प्रणाली) सर्रास वापरतात तिच्यात एका प्रोग्रॅमच्या फाइलमधे एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द देता येतो, मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने वेगळा संदर्भ जोडला असेल तरच दोन देता येतात. तो बहुतेक वेळा जोडत नाही. शिवाय ओके-कॅन्सल ही बटणं पुष्कळदा खालच्या सामायिक लायब्ररीतून, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या तयार कोडमधून येतात, तिथे एकदा 'रद्द करा' लिहिलं की पन्नास प्रोग्रॅममधे तेच. 'राहू द्या' मलाही आवडतं, पण पन्नास ठिकाणी बसेल असा शब्द शोधायचा म्हणजे शेवटी तो कुठेच धड बसत नाही.

प्रतिसाद (धागाकर्ता):
दोघांचंही पटलं, आणि 'राहू द्या' सगळीकडे हा हट्ट मी सोडतो. पण मग मला वाटतं आपण शब्द चुकीचा शोधत होतो, बटण हे प्रश्नाचं उत्तर आहे आणि मराठीत उत्तर कसं देतात ते बघायला हवं. 'जेवलास का?' 'जेवलो.' 'येतेस का?' 'येते.' आपण नुसतं होय क्वचित म्हणतो, क्रियापदच परत म्हणतो. तर मग बटणावर क्रियापद हे आपल्याला परकं नाहीच. 'बदल जतन करायचे का?' याखाली 'जतन करून बंद करा', 'तसंच बंद करा', 'परत जा'. विंडोजच्या नोटपॅडमधेही एक्सपी या जुन्या आवृत्तीपर्यंत येस-नो-कॅन्सल होतं, नंतर सेव्ह आणि डोन्ट सेव्ह आलं, मॅकवर तर बटणावर क्रियापद घाला असं ॲपल आधीपासून सांगत आलंय.

आणि ओकेचीसुद्धा गंमत अशी की ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरवर (तो १९८३ ला बाजारात आला) आधी त्या जागी 'डू इट' होतं, म्हणजे 'कर'. पण त्या टायपात मोठा आय हा छोट्या एलसारखा दिसायचा आणि मधली जागा अगदी कमी, त्यामुळे चाचणीला बसलेल्या एकाने ते 'डोल्ट' वाचलं, म्हणजे मठ्ठ, आणि मशीन मला मठ्ठ का म्हणतंय म्हणून तो चिडला. तेव्हा ओके घातलं. एका माणसाला लागलं तर बटण बदललं गेलं, आपल्याकडे हे सांगायचं कुणाला ते तरी कळू दे.

प्रतिसाद:
मग छपाईच्या चौकटीला काय लिहाल ते सांगा की.

प्रतिसाद (धागाकर्ता):
काल कागदावर 'छपाई थांबवा' आणि 'छापू द्या' अशी दोन बटणं काढून आईपुढे ठेवली, काही न सांगता. तिने लगेच पहिल्यावर बोट ठेवलं. मग विचारलं, "पण मशीनमधे आधीच गेलेले कागद?" ते एकदोन येणारच, प्रिंटरच्या स्वतःच्या मेमरीत गेलेलं मागे येत नाही, तसं तिला सांगितलं. तिने पेन घेतलं आणि 'छपाई' खोडून वर लिहिलं, 'उरलेली पानं थांबवा'.