सातारा जिल्ह्यातल्या कर्तृत्ववान माणसांचं दालन करतोय, निवडीचा निकष काय ठेवावा?

ग्रंथपाल_कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

कराड तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. वरच्या मजल्यावरची खोली यंदा दुरुस्त करून घेतली. गळके पत्रे बदलले, गिलावा केला, वायरिंग नवं टाकलं. या खोलीत जिल्ह्यातल्या कर्तृत्ववान माणसांचं कायमचं दालन करायचं ठरलंय. पैसा गावाचाच आहे. कुणी उसाच्या बिलातून दिला, कुणी वर्षश्राद्धाचं जेवण रद्द करून दिला, नवी मुंबईत माथाडीत असलेल्या मंडळींनी वर्गणी काढून पाठवली. म्हणून मला हे काम उरकायचं नाही, नीट करायचंय.

अडचण निवडीपासूनच सुरू झाली. बैठकीत पहिला ठराव आला की जिल्ह्यात जन्मलेल्यांनाच घ्यायचं. ऐकायला सरळ वाटतं, पण मग कर्मवीर भाऊराव पाटील बाहेर जातात, कारण त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. रयत शिक्षण संस्था मात्र त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला आमच्याच तालुक्यातल्या काले गावात सुरू केली! यशवंतराव चव्हाणही बाहेर, कारण देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात. दुसरं मत आलं की ज्यांनी इथं काम केलं तेवढेच घ्या. मग सावित्रीबाई सुटतात. त्यांचं जन्मगाव नायगाव आपलं, पण १८४८ ची शाळा पुण्यातली.

दुसरी अडचण मांडणीची. नेहमीचा नमुना म्हणजे तसबीर, खाली नाव, जन्म, मृत्यू, मिळालेले पुरस्कार आणि वर हार. पोरं येतात, भिंतीकडे बघत एक चक्कर मारतात आणि खाली कॅरमला जातात. खाशाबांचं गाव गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तरी आठवीतल्या मुलांना विचारलं तर खाशाबा जाधव म्हणजे ऑलिंपिक पदक, एवढंच सांगतात. १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ते सहावे आले होते, हे त्यांना माहीत नाही. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे कुणी सांगितलेलंच नाही. पदक घेऊन आल्यावर कराड स्टेशनापासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती सगळ्यांना सांगायला आवडते. पण त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून खर्डेकरांचं कर्ज फेडायला पैसे उभे केले, ते मला मिरवणुकीपेक्षा मोठं वाटतं. दालनात हे यायला हवं असं माझं ठाम मत आहे. मंडळातल्या काही जणांना वाटतं की गरिबीच्या गोष्टी सांगून थोर माणसाला लहान करू नये.

तर निकष काय ठेवावा, आणि फलकावर नेमकं काय लिहावं? ज्यांनी असं काम केलंय किंवा पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा.

मास्तर_सातारा

ताई, इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं मोठं लिहितो.

जन्मगावाचा निकष सोडून द्या. आज ज्याला आपण सातारा जिल्हा म्हणतो तोच मुळी जुना नाही. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं सांगली नाव झालं. यशवंतराव १९१३ मध्ये जन्मले तेव्हा देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यातच होतं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडे मच्छिंद्रही तसंच. इंग्रजांविरुद्ध उभं राहिलेलं १९४३ ते ४६ चं प्रतिसरकार साताऱ्याचं म्हणूनच देश ओळखतो. ज्या शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराची रेल्वेगाडी लुटली ते तर तुमच्याच तालुक्यात आहे. नंतरच्या हद्दीवर बोट ठेवून या माणसांना बाहेर काढलं तर दालनात इतिहास उरणार नाही.

मी असतो तर प्रत्येक नावाखाली 'जिल्ह्याशी नातं' अशी एक ओळ ठेवली असती. कुणाचं नातं जन्माचं, कुणाचं शाळेचं, कुणाचं कर्मभूमीचं. याचं सर्वांत चांगलं उदाहरण साताऱ्यातच आहे. बाबासाहेबांचा जन्म महूचा, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. पण ७ नोव्हेंबर १९०० ला ते ज्या सरकारी शाळेत दाखल झाले ती आजची प्रतापसिंह हायस्कूल. प्रवेशाच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. हा दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यांच्या आईचं, भीमाबाईंचं, निधनही साताऱ्यातच झालं. हे नातं तुम्ही कोणत्या निकषात बसवणार? त्या पानाची प्रत शाळेकडे रीतसर अर्ज करून मागा. मुलं तसबिरीपुढे थांबत नाहीत, पण आपल्यासारख्याच एका पोराचं नाव हजेरीच्या अक्षरात दिसलं की थांबतात. मी हे वर्गात पाहिलंय.

आणखी एक सुचवतो. सगळी जागा एकेकट्या माणसांना देऊ नका. अपशिंगे मिलिटरीचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे, आणि आजही तिथं घराघरातून सैन्यात भरती होतात. तिथं गावालाच मान द्यायला हवा.

माणदेशची_लेक

मास्तरांशी सहमत. माझं म्हणणं बायकांबद्दल आहे. अशा दालनात एक सावित्रीबाई असतात आणि बाकी भिंतभर फेटे आणि टोप्या. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील कुठं असतात? साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांना धान्य आणायला दमडी नव्हती, तेव्हा त्यांनी एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या १९३० साली गेल्या, संस्थेचा वटवृक्ष झालेला त्यांनी पाहिला नाही. कर्मवीरांच्या फलकावर 'पत्नीचं मोलाचं सहकार्य' असे तीन शब्द लिहून त्यांना संपवू नका. वेगळा फलक द्या.

सावित्रीबाईंचंही नायगावशी नातं फक्त जन्माचं नाही. आजारपणात त्या माहेरी आल्या होत्या, तिथून त्यांनी जोतिरावांना लिहिलेली पत्रं आहेत. १८५६ च्या पत्रात भावाशी झालेला वाद आहे. भाऊ म्हणतो, तुम्ही नवरा-बायको अस्पृश्यांसाठी जे करता ते कुळाला बट्टा लावणारं आहे. त्या त्याला विचारतात, गाई-बकऱ्यांना कुरवाळतोस, नागपंचमीला सापाला दूध पाजतोस, मग माणसाचाच विटाळ का? १८६८ च्या पत्रात तर गावातली घटनाच आहे. गणेश नावाचा पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातली शारजा यांचं प्रेम जुळलं, ती सहा महिन्यांची गरोदर होती. लोक दोघांची धिंड काढून त्यांना मारायला निघाले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला आणि दोघांना जिवंत सोडवून पुण्याला जोतिरावांकडे पाठवलं. हे साताऱ्याच्या मातीत घडलंय. भिंतीवर हे पत्र मोठ्या अक्षरात लावा.

आणि हयात माणसं घ्याच. आमच्या माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषांनंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. आमच्याकडं टँकरची वाट बघणाऱ्या गावातल्या पोरींना पाण्याचा अडथळा ओलांडून पळणारी ललिताताई दिसली पाहिजे. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये तिरंदाजीची जगज्जेती झाली तेव्हा १७ वर्षांची होती. या दोघींकडं बघून पोरी आज मैदानावर येतात.

पाटणचा_गडी

मला हयात लोक घेणं पटत नाही. एकदा ती दारं उघडली की उद्या प्रत्येक पक्षाचा माणूस आपला फोटो घेऊन येईल आणि ग्रंथपालताईंना नाही म्हणता येणार नाही. आमच्या भागातल्या एका गावात असंच झालं. दालन सुरू झालं तेव्हा चांगली माणसं होती, दोन निवडणुका झाल्यावर अर्धी भिंत सरपंचांची. मरणानंतर दहा वर्षं तरी जावीत.

आणि बाहेर जाऊन काम केलेल्यांना विसरू नका. आमच्या तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत पाठीवर ओझी वाहणाऱ्यांची संघटना बांधली. १९६९ चा माथाडी कायदा त्या लढ्यातून आला. तुमची वर्गणी ज्यांनी पाठवली त्यांच्या घरात आज जो फंड आणि दवाखाना आहे, तो त्या कायद्यामुळं.

फलकवाला_सांगली

प्रदर्शनांचे फलक बनवणं हा माझा धंदा. दालनाचं मातेरं बहुतेक वेळा छपाईत होतं, म्हणून कामाचं तेवढं सांगतो. फ्लेक्स लावू नका, दोन उन्हाळ्यांत रंग उडतो. सनबोर्डही कृष्णाकाठच्या दमट हवेत वाकतो. ॲल्युमिनियमच्या कंपोझिट शीटवर छापून घ्या. भिंतीपासून बोटभर अंतर सोडून बसवा म्हणजे मागं ओल धरत नाही. मजकुराचा मध्य जमिनीपासून चार फुटांवर येऊ द्या. सगळे साडेपाच फुटांवर लावतात आणि पाचवीतलं पोर मान वर करून कंटाळतं. एका फलकावर सव्वाशे शब्दांच्या वर मजकूर नको.

मूळ कागद कधीही भिंतीवर लावू नका, स्कॅन करून प्रत लावा. २०१९ च्या पुरात आमच्याकडं घरोघरचे जुने फोटो पाण्यात गेले. तुमची खोली वरच्या मजल्यावर आहे हे उत्तम, पण कपाटाचा खालचा कप्पा तरीही रिकामाच ठेवा.

ग्रंथपाल_कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमची 'जिल्ह्याशी नातं' ही ओळ काल मंडळापुढे वाचून दाखवली आणि जन्मगावाचा ठराव मागे घेतला गेला. नानांच्या आणि यशवंतरावांच्या नावावर तर कुणी बोललंच नाही. यशवंतराव आणि खाशाबा दोघंही कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी. हे दोन फलक शेजारी-शेजारी लावणार आहोत.

पाटणच्या दादा, तुमची भीती खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही. तरी ललिताताई आणि अदितीला दहा वर्षं, वीस वर्षं बाहेर ठेवायला माझं मन तयार नाही. आमच्या वाचनालयात अभ्यासिकेत बसणाऱ्या निम्म्याहून जास्त मुली आहेत. त्यांना आजची माणसं दिसायला हवीत. म्हणून मी मंडळाला लेखी सुचवलंय की हयात माणसांत फक्त खेळ, कला, विज्ञान आणि शेतीतले घ्यायचे, निवडणूक लढवलेला कुणीही हयात माणूस घ्यायचा नाही, आणि नाव सुचवताना वर्तमानपत्राचं कात्रण किंवा अधिकृत निकाल जोडायचा. हे वाचनालयाच्या घटनेत घालून घेतलं की उद्या माझ्या जागी दुसरं कुणी आलं तरी त्याला नाही म्हणायला आधार राहील. अण्णासाहेबांचा फलक पक्का. तो मजकूर नवी मुंबईच्या मंडळींकडूनच लिहून घेते, कारण ओझं त्यांनी वाहिलंय.

माणदेशच्या ताई, लक्ष्मीबाईंना वेगळा फलक मिळणार. यावर बैठकीत थोडं वाजलं. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, नवऱ्याच्या कामाचे दोन मान कशाला? मी त्यांना एवढंच विचारलं की त्या दिवशी धान्य आलं नसतं तर बोर्डिंगातली मुलं दुसऱ्या दिवशी कुठं असती. आमच्या गावातले कितीतरी जण रयतेत शिकलेत, ते स्वतःही. त्यांनीच मग अनुमोदन दिलं.

खाशाबांच्या फलकात खर्डेकर येणार, गहाण घर येणार, आणि हेलसिंकीतली ती शेवटची कुस्तीही येणार. लांबलेल्या लढतीनंतर नियमानं मिळायची अर्ध्या तासाची विश्रांती त्यांना मिळाली नाही, आणि त्यांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. त्यानंतर ४४ वर्षं, १९९६ पर्यंत, भारताला ऑलिंपिकमध्ये दुसरं वैयक्तिक पदक मिळालं नाही. अर्जुन पुरस्कारही त्यांच्या वाट्याला आला तो मृत्यूनंतर. यात त्यांना लहान करण्यासारखं काय आहे? उलट पदकाचं वजन पोरांना कळतं. मंडळातले दोघे अजून नाराज आहेत, पण मजकूर मंजूर झालाय.

फलकवाले दादा, कंपोझिट शीटचा दर आणि चार बाय अडीच फुटांच्या बारा फलकांचा अंदाज इथंच टाकाल का? पुढच्या बैठकीत तोच विषय आहे. आणि अपशिंग्याचं कुणी इथं असेल तर स्मृतिस्तंभावरच्या मजकुराचा स्पष्ट फोटो हवाय. उन्हं कलती असताना काढला तर दगडावरची अक्षरं नीट येतात.