इंग्रजी कुठं भेटली, कुठं फसली? सीमाभागातल्या मंडळींनी सांगा

घरात मराठी, गल्लीत मराठी-कानडीची मिसळ, कचेरीत कानडी. अशात इंग्रजी आपल्याला वर्गापेक्षा भलत्याच ठिकाणी भेटते. एखादा वाक्प्रचार तुम्हाला कुठं भेटला, कुठं तोंडावर पाडून गेला, ते लिहा. व्याकरण शिकवू नका, ते शाळेत झालंय. सुरुवात मीच करतो.

आजोबा अर्ज लिहायला बेळगावात कोर्टाजवळच्या टायपिस्टकडं जायचे. कानडी लिहिता यायचं नाही, मराठी अर्ज आत घेतील याचा भरवसा नाही, म्हणून इंग्रजी. अर्ज विहिरीचा असो की उताऱ्याचा, शेवटची ओळ ठरलेली: काइंडली डू द नीडफुल, म्हणजे कृपया लागेल ते करावं. इंग्रजीतलं तेवढंच त्यांना पाठ. घरात नळ गळायला लागला की बाबांना म्हणायचे, "तेवढं नीडफुल कर की रे." पुढं मी बंगळूरच्या नोकरीत मेलमध्ये हेच लिहिलं, तर लंडनच्या साहेबानं विचारलं, "म्हणजे नक्की काय करू?" तिकडं हा प्रयोग जुना होऊन अडगळीत गेलाय. साहेबाच्या पणजोबाला मात्र बरोबर कळला असता.

उद्यमबाग
वडील इथल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, फेटलिंगला होते. ओतलेला जॉब थंड झाला की चिकटलेली वाळू झाडायची, रनर-रायझर, म्हणजे ओतताना जॉबला जोडून राहिलेले जादा तुकडे, तोडायचे, कडेची फिन, म्हणजे जादा पातळ पट्टी, ग्राइंडरनं घासून काढायची, ह्याला फेटलिंग. संध्याकाळी घरी आले की कानाच्या पाळीमागं काळी वाळू. आई म्हणायची, "आधी न्हाणीत जाऊन स्वतःचं फेटलिंग करा, मग ताटावर बसा." बारावीला एका उताऱ्यात 'इन फाइन फेटल' आलं. सरांनी अर्थ सांगितला, तब्येतीनं ठणठणीत. मी हात वर केला, "सर, फेटलिंग म्हणजे वाळू काढणं." वर्ग हसला, सरही हसले.

इंजिनिअरिंगला गेल्यावर लायब्ररीतल्या जाडजूड डिक्शनरीत सापडलं, दोन्ही शब्द एकाच घरातले. फेटल म्हणजे मुळात नीट करणं, सज्ज करणं. म्हणजे कास्टिंग घासूनपुसून मशीनवर चढायला तयार, ते फाइन फेटलमध्ये! सरांना सांगायला गेलो तर ते रिटायर होऊन गावी गेलेले. वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आमाला ठाऊकच हाय की."

खानापूर, शिक्षिका
कणकुंबीकडं पावसाळ्यात छत्री मिटत नाही, आणि आम्ही शिकवायचं 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. एका पोरानं विचारलं, "बाई, म्हशी कधी पडत्यात?" ह्या म्हणीचा उगम इंग्रजांनाही पक्का ठाऊक नाही, मी काय सांगणार!

कॅम्प
आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. रात्री पहारेकरी "हुकुमदार!" ओरडतो, हे ऐकून लहानपणी वाटायचं, कुणी हुकूम देणारा आला असेल. नंतर कळलं, तो 'हू कम्स देअर'चा आपल्या तोंडात झालेला अवतार. 'अ‍ॅज यू वेअर'चं मात्र फौजेत चक्क 'जैसे थे' झालं. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याची बातमी रेडिओवर लागली की आजोबा खुर्चीतूनच हुकूम सोडायचे, "जैसे थे!"

पुण्यात मुलाखतीला मी म्हटलं, "आय पास्ड आउट इन 2012." समोरच्या बाई म्हणाल्या, "बेशुद्ध पडलात?" तेव्हा गप्प बसले. पासिंग आउट परेड हा शब्द खुद्द इंग्रजांच्याच फौजेचा, हे उत्तर घरी येताना बसमध्ये सुचलं. अशी उत्तरं नेहमी निपाणीच्या पुढंच सुचतात.

निपाणी, सध्या मँचेस्टर
माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालं. आपल्याकडं त्यात नवल नाही, आजीनं तर मी पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. इथं शेजारणीनं विचारलं, तुम्ही भेटलात कसे? मी सरळ सांगितलं, "ही इज माय कझिन." तिचा चहाचा कप हवेतच राहिला. कायद्यानं इथंही चालतं, पण चेहऱ्यावरनं तसं दिसेना. चुलत, मावस, आते, मामे, एवढ्या सगळ्या नात्यांना ह्यांच्याकडं एकच शब्द, आणि आते-मामेत लग्न चालतं, चुलत-मावसात नाही, हे त्या एका शब्दात कसं सांगायचं? सवयीनं 'कझिन ब्रदर' म्हणाले नाही, ही यल्लम्माची कृपा.

टिळकवाडी, नोकरी पुण्यात
कॉलवर एक लंडनचा, एक शिकागोचा. लंडनवाला म्हणाला, हा मुद्दा टेबल करू या. शिकागोवाला म्हणाला, ठीक. मग लंडनवाला त्याच मुद्द्यावर बोलायला लागला आणि शिकागोवाला चिडला. ब्रिटनमध्ये टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकेत तेच बाजूला ठेवणं. दहा मिनिटं दोघं आपल्याच भाषेत भांडत होते. मॅनेजरनं मला विचारलं, "तुमच्याकडं काय अर्थ घेतात?" आमच्याकडं कामं टेबलाखालून होतात, हे ओठावर आलं होतं. पण नोकरी नवीन होती. म्हटलं, "विल रिव्हर्ट, सर." आपल्याकडं ह्याचा अर्थ नंतर कळवतो, तिकडं मात्र पूर्वपदावर जाणं. आता ह्या 'रिव्हर्ट'चा अर्थ त्या दोघांनी काय घेतला, देव जाणे.