मेंटेनन्स चौरस फुटावर की घरटी?

खजिनदार_डी_विंग
काल इथे एकांनी लिहिलं: 'मोठ्या घरांनी मोठा मेंटेनन्स भरावा असा उच्च न्यायालयाचा निकाल आहे, तरी सोसायट्यांच्या कमिट्या घरटी सारखी रक्कम लावून लहान घरांना लुटतात.' खाली अंगठ्यांचा पाऊस. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तीच पोस्ट फिरली आणि आज सकाळी दोघांनी 'निकालाप्रमाणे बिल द्या, मगच भरू' असं मला कळवलं. म्हणून सविस्तर लिहितोय.

मुंबई उच्च न्यायालयाचा २०२५चा तो निकाल पुण्यातल्या एका कॉन्डोमिनियमबद्दलचा आहे, म्हणजे सहकारी सोसायटी नसलेल्या, फ्लॅटमालकांच्या संघटनेबद्दलचा. तिथे महाराष्ट्राचा १९७०चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा लागू होतो. डीड ऑफ डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या नोंदवलेल्या घोषणापत्रात, प्रत्येकाचा सामाईक जागेतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो आणि सामाईक खर्च त्याच टक्क्याने वाटायचा, हे कायद्यातच आहे. सहकारी गृहनिर्माण सोसायटी येते १९६०च्या सहकार कायद्याखाली. व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात याच उच्च न्यायालयाने सांगितलंय की घर मोठं म्हणून सेवाशुल्क जास्त लावता येत नाही. हे दोन निकाल एकमेकांच्या विरोधात नाहीत, ते दोन वेगळ्या कायद्यांवर आहेत. आधी आपल्या बिल्डिंगची नोंदणी कशाखाली झाली ते बघा.

आणि 'सगळं सारखंच लावतात' हेही खरं नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) सेवाशुल्क घरटी समान: वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे, ऑडिट फी. लिफ्टही समान. पण दुरुस्ती निधी घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी राखून ठेवलेला निधी) किमान पाव टक्का, म्हणजे मोठं घर तिथे जास्तच भरतं. विम्याचा हप्ता क्षेत्रफळावर. मालमत्ता कर ज्याचा त्याला. फाटकावरचा माणूस रात्री अडीचला उठून गाडी आत घेतो, तेव्हा त्या गाडीवाल्याचं घर किती चौरस फुटांचं आहे याने त्याचं काम कमीजास्त होत नाही. मग त्याचा पगार चौरस फुटावर कशाला वाटायचा?

वन_बीएचके_वाली
ती पोस्ट माझीच. कॉन्डोमिनियमचा मुद्दा बरोबर आहे, तो माझ्या लिहिण्यात यायला हवा होता. पण तुम्ही सगळं वाटणीवर बोललात. वाटायची रक्कम कोण ठरवतं, त्यावर एक अक्षर नाही.

आमच्याकडे चार विंग, त्यातल्या तीन थ्री बीएचकेच्या. त्यांना लॉबीत नवा दगड हवा होता, झाला. जिमला एसी हवा होता, लागला. आता त्या एसीचं वीजबिल आणि जिम उघडणाऱ्या मुलाचा पगार 'सेवाशुल्क' या सदरात, घरटी समान. मी आणि माझी सासू, दोघींनी त्या जिमची पायरी चढलेली नाही. माझं उत्पन्न एकटीच्या पगाराचं. बहुमत मोठ्या घरांचं, खर्च त्यांच्या आवडीचा आणि वाटणी मात्र समान! याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा.

खजिनदार_डी_विंग
ताई, जिमचा ठराव सर्वसाधारण सभेत झाला असेल. त्या सभेला तुमच्या विंगमधले किती जण होते? आमच्याकडे कोरमअभावी दरवर्षी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग जे हजर असतील ते ठरवतात. ठराव झाल्यावर वर्षभर ग्रुपवर भांडायचं, याला काही अर्थ नाही.

वन_बीएचके_वाली
मी होते. हात वर केला होता. विरोध इतिवृत्तात आलाच नाही. सांगा आता.

आकडेमोड
चौरस फूटवाल्यांनी जीएसटीचाही विचार करावा. सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांवर असेल आणि एखाद्या सभासदाची महिन्याची वर्गणी ७,५०० रुपयांच्या वर गेली, की १८ टक्के कर लागतो. घरटी वाटणीत सगळे ७,५००च्या आत बसत असतील आणि चौरस फुटाने फक्त मोठी घरं वर गेली, तर तो कर सोसायटीत येत नाही, सरकारजमा होतो. लहान घरांना त्यातून दमडी मिळत नाही.

टँकरग्रस्त
जिम आणि दगड राहू द्या हो. आमच्या बिलातला सगळ्यात मोठा आकडा टँकरचा आहे. खजिनदार, पाणी उपविधीत कसं वाटायचं ते पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही सोयीस्कर गाळलंत. मी सांगतो: घरातल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. आमच्या थ्री बीएचकेत आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी. बाथरूम तीन, त्यातली दोन मुलं आली तरच वापरायची. समोरच्या वन बीएचकेत सात मुलं भाड्याने राहतात, रोज वॉशिंग मशीन. नळ जास्त म्हणून पाण्याचे पैसे आम्ही जास्त भरतो. लहान घर म्हणजे गरीब आणि मोठं घर म्हणजे उधळ्या, हे डोक्यातून काढा.

वन_बीएचके_वाली
सात मुलं माझ्या घरात राहत नाहीत. प्रत्येक वन बीएचकेला त्यांचा हिशेब लावू नका.

टँकरग्रस्त
मग प्रत्येक थ्री बीएचकेला तुमच्या एसी जिमचा हिशेब लावू नका!

साइटवरचा_माणूस
मी बांधकामात आयुष्य घालवलंय, म्हणून बोलतो. घरोघरी मीटर लावा म्हणणं सोपं आहे. जुन्या बिल्डिंगमध्ये गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक बाथरूमला, प्रत्येक संडासाला, स्वयंपाकघराला वेगळा पाइप उतरतो. एकेक पाइप वरपासून खालपर्यंत सगळ्या मजल्यांना पाणी देतो. म्हणजे तीन बाथरूमच्या घराला एक मीटर पुरत नाही, चार-पाच लागतात, तेही डक्टमध्ये, जिथे माणूस वाकून शिरतो. मग प्रत्येकाचं रीडिंग घ्यायचं, बंद पडलेलं बदलायचं. नव्या बिल्डिंगमध्ये घराला एकच जोड असेल तर खुशाल लावा. जुन्यात आधी गळती शोधा. तुमच्या गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट, टाकी भरली की पाणी थांबवणारा, चालतो का, कुणी वर जाऊन बघितलंय? आमच्याकडे ओव्हरफ्लोचा पाइप थेट पावसाच्या पन्हाळीत सोडलेला. पहाटे पंप चालू की पाणी गुपचूप गटारात. ते कुणाला दिसत नव्हतं आणि सभेत मात्र वाद 'कोण किती वेळ अंघोळ करतं' यावर.

टँकरग्रस्त
शेवटचं वाक्य लाख मोलाचं. मी एकदा मुद्दाम खाली उभा राहून टँकर बघितला. पावती दहा हजार लिटरची. वॉचमन झाकण उघडून आत बघतही नाही, चिठ्ठीवर सही करतो आणि परत खुर्चीत. पाइप अजून पाणी सोडतोय तोच ड्रायव्हरने व्हॉल्व्ह बंद केला, पाइप गुंडाळला आणि निघाला. मी विचारलं तर म्हणे, 'काका, तळाला राहतं थोडं.' ते थोडं कुणाच्या खिशात जातं? खजिनदार, उत्तर द्या.

खजिनदार_डी_विंग
मी तुमच्या सोसायटीचा खजिनदार नाही. चिडायचं तर तुमच्या कमिटीवर चिडा. पण उत्तर आहे. आम्ही भूमिगत टाकीच्या तोंडाशी मीटर बसवून घेतला. टँकरवाल्याला सांगितलं, पावतीवर आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहिल्याशिवाय चेक निघणार नाही. पहिल्या आठवड्यात 'तुमच्याकडे येत नाही' अशी धमकी आली. दुसरा शोधला. घरोघरी मीटर न लावताही एवढं करता येतं.

वन_बीएचके_वाली
आणि हे बिनपगारी काम तुम्ही करता म्हणून आम्ही प्रश्न विचारायचे नाहीत?

खजिनदार_डी_विंग
असं मी कुठे म्हणालो? रात्री जेवण बाजूला ठेवून व्हाउचर लावतो मी. सकाळी 'लुटतात' हा शब्द वाचला की लागतं. प्रश्न विचारा. चोर म्हणू नका.

परगावचा_मालक
सगळे पाण्यात बुडालेत, पण ना-वहिवाट शुल्काचं, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा लागणाऱ्या जादा शुल्काचं, कुणी बोलत नाही. माझा फ्लॅट भाड्याने आहे आणि माझी कमिटी पूर्ण मेंटेनन्सवर १० टक्के लावते. १ ऑगस्ट २००१चा शासन आदेश काय म्हणतो? सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. पत्र दिलं तर सेक्रेटरी म्हणतात, 'इथे राहायला या, मग बोला.'

खजिनदार_डी_विंग
तुमचं बरोबर आहे. कमिटीने ऐकलं नाही तर सहकार खात्याच्या निबंधकांकडे अर्ज करा. पण वादात आहे म्हणून सगळंच बिल अडवू नका. थकबाकीवर व्याज चढतं आणि वसुली दाखल्याची, म्हणजे थकबाकी सक्तीने वसूल करायच्या आदेशाची, कारवाई सुरू झाली की मूळ मुद्दा कुणी ऐकत नाही. वादाची रक्कम लेखी हरकत नोंदवून भरा.

वन_बीएचके_वाली
हे मी करीन. बिल भरते, कधीच थकवलेलं नाही. पण घरटी समान वाटणीचं समर्थन करणाऱ्यांनी दोन गोष्टी मान्य कराव्यात. जिमसारखी सोय जो वापरतो त्याच्याकडून वेगळं शुल्क घ्या, सभा तसा ठराव करू शकते. आणि विरोध केला तर तो नावानिशी इतिवृत्तात आला पाहिजे.

खजिनदार_डी_विंग
दुसरी गोष्ट लगेच मान्य. इतिवृत्ताचा मसुदा हाती पडला की लेखी दुरुस्ती सुचवा, पोच घ्या. पहिल्यावर माझं म्हणणं वेगळं आहे. आज जिम वापरावर, उद्या तळमजला म्हणणार लिफ्ट वापरावर, परवा ज्याला गाडी नाही तो म्हणणार फाटक वापरावर. शेवट कुठे?

वन_बीएचके_वाली
शेवट उपविधीतच आहे, तुम्हीच सांगितलात. लिफ्टचा खर्च समान, वापरा किंवा न वापरा, तिथे स्पष्ट लिहिलंय. तळमजल्याला काही बोलता येत नाही. एसी जिमचं नाव त्या यादीत मला दाखवा.

खजिनदार_डी_विंग
नाही सापडणार. जिमचं वेगळं शुल्क ठेवा, माझी हरकत नाही. जिने, दिवे, वॉचमन मात्र चौरस फुटावर मी जाऊ देणार नाही.

टँकरग्रस्त
आणि पाण्याचं?

वन_बीएचके_वाली
३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, १४ दिवस आधी नोटीस. टाकीच्या मीटरचा आणि जिमच्या शुल्काचा, दोन्ही विषय मी या आठवड्यात लेखी देतेय. टाकीच्या मीटरला तुमच्या सोसायटीत कंत्राटदार कोण होता ते खजिनदारांनी मला वेगळं कळवा. इथे नको.